कॅम्परव्हॅनचा डिझेल हीटर साताऱ्यात रात्रभर चालतो, भिलारला मध्येच थंड पडतो

चाकावरचं_घर (सातारा)

नमस्कार मंडळी. आमच्या ट्रॅव्हलरची कॅम्परव्हॅन करून घेतली आहे. दोन बर्थ, छोटा ओटा, टपावर सोलर, आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली १२ व्होल्टवर चालणारा ५ किलोवॅटचा चायनीज डिझेल हीटर. हीटरला स्वतःची वेगळी १० लिटरची चपटी प्लास्टिक टाकी आहे, ती चेसिसला बाहेरून बसवली आहे. गाडीतल्या घराची बॅटरी १५० एएच ट्युब्युलर, गाडीच्या अगदी मागच्या टोकाला.

साताऱ्यात दारात उभी करून हीटर लावला की काही त्रास नाही. रात्रभर चालतो. पण भिलारला मित्राच्या स्ट्रॉबेरीच्या शेतात मुक्कामाला गेलो की वीस-पंचवीस मिनिटं मस्त गरम हवा येते, मग ती हळूहळू कोमट होते, पंखा चालूच राहतो, आणि थोड्या वेळानं स्क्रीनवर ई-०८. परत चालू केला तर कधी लागतो, कधी नाही. पहाटे तर बहुतेक वेळा लागतच नाही, तेव्हा ई-१० येतो. एखाद्या रात्री मात्र काहीही न होता सकाळपर्यंत चालतो, त्यामुळे डोकं आणखी चक्रावतं.

ज्या वर्कशॉपनं काम केलं ते म्हणतात मशीनच बदला. मला मशीन खराब वाटत नाही. वडिलांना दमा आहे, थंडीत श्वासाचा त्रास वाढतो. फेब्रुवारीत त्यांना आणि आईला घेऊन हिमाचलला जायचं ठरवलंय. हीटरचा भरवसा नसेल तर मी त्यांना नेणार नाही. कृपया ज्यांना याची माहिती आहे त्यांनी सांगा, कुठून सुरुवात करू?

औंधकर

आधी एक विचारतो. तापमान सेट करून चालवता की पंपाच्या स्पीडवर? सेट केलेलं तापमान आलं की हे हीटर आपोआप मंद होतात आणि हवा कोमट लागते, तो बिघाड नव्हे. शिवाय सेन्सर कंट्रोल पॅनेलच्या आत असतो. पॅनेल गरम हवेच्या तोंडाजवळ लावलं असेल तर त्याला वाटतं गाडी तापली, आणि मागच्या बर्थवर माणूस कुडकुडत असतो.

चाकावरचं_घर (सातारा)

पॅनेल दाराजवळ आहे, हवेचं तोंड लांब. आणि मंद होण्यावर थांबत नाही, कोड देऊन बंदच पडतो. पंपाच्या स्पीडवर ठेवून पाहिलं, तरी तेच.

मिरज_जंक्शन

ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, मिरजेत. दादा, मशीन बदलू नका, आधी मीटर काढा.

हा हीटर सुरू होताना काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बटण दाबलं की पंखा हळू फिरतो आणि ग्लो प्लग तापायला लागतो. एकटा ग्लो प्लग ८ ते १० अँपिअर ओढतो. तो लाल झाला की डिझेलचा छोटा पंप टिक टिक करायला लागतो, थेंब थेंब डिझेल चेंबरमध्ये जातं, पेट घेतं. मशीनवरच्या सेन्सरला बॉडी तापल्याचं कळलं की ग्लो प्लग बंद होतो. त्यानंतर सगळं मिळून १-२ अँपिअरवर चालतं. बंद करतानाही उरलेलं डिझेल जाळायला ग्लो प्लग पुन्हा थोडा वेळ लागतो.

म्हणजे खरी ताकद लागते ती सुरुवातीच्या काही मिनिटांत. त्या वेळेला व्होल्टेज पडलं की प्लग नुसता कोमट होतो, डिझेल पेटत नाही, चेंबर ओलं होतं, आणि ई-१०, म्हणजे पेटलंच नाही. तुमचा ई-०८ म्हणजे पेटलेली ज्योत विझली. सगळ्या बोर्डांचे कोड सारखे नसतात, तुमच्या मशीनसोबतच्या कागदावर एकदा ताडून घ्या. पण हेच असतील तर हे दोन वेगळे आजार आहेत, एक समजून मागे लागू नका.

आता काम. बॅटरीवर मीटर लावून १२.६ दिसलं म्हणून समाधान मानू नका. आराम करत असलेल्या बॅटरीचं व्होल्टेज काही सांगत नाही. हीटरच्या प्लगमध्ये, म्हणजे मशीनपाशी वायर येते तिथे, मीटरच्या पिना मागून घाला. घरच्यांना बटण दाबायला सांगा. ग्लो प्लग चालू असताना किती दिसतं ते लिहा. त्याच वेळी बॅटरीच्या टर्मिनलवर किती आहे तेही. आणि बॅटरीपासून हीटरपर्यंत वायर कितीची टाकलीय ते बघा. हे करताना चार्जर काढा आणि गाडी बंद ठेवा. घरी चार्जर लावूनच झोपता ना?

चाकावरचं_घर (सातारा)

हो, घरी चार्जर लावलेलाच असतो. हे लक्षातच आलं नव्हतं. कोड कागदावर ताडून पाहिले, तुम्ही म्हणता तेच आहेत. मोजून सांगतो.

डिझेलकाका (सांगली)

मिरजकरांचं बरोबर हाय. एसटीच्या डेपोत जन्म गेला, निम्म्याहून जास्त "मशीन गेलं" म्हणून आलेल्या गाड्यांत दोष वायरीत नायतर अर्थिंगमध्ये निघायचा. अर्थ कुठून घेतलाय ते बघ बाळा. बॉडीला स्क्रू मारून अर्थ घेतला असंल तर तिथं रंग घासलाय का, गंज हाय का. शक्य झालं तर मायनसची वायर पण सरळ बॅटरीपर्यंत न्यायची.

दुसरं. डिझेलच्या नळीत हवा येतीय का ते बघ. ज्योत मधी विझायचं पहिलं कारण हवा. पंप टिक टिक करतोय, पण थेंबाऐवजी बुडबुडा गेला की ज्योत भकभक करती आणि विझती. नळी पारदर्शक असती, टॉर्च मारून बघ. बारकं बुडबुडं आलं-गेलं तर चालतंय, पण बोटाच्या पेराएवढा बुडबुडा सरकताना दिसला की समजायचं.

पंप कसा बसवलाय? आडवा बसवला असंल तर हवा त्याच्यातच अडकती. बाहेर जायाची बाजू वर करून १५ ते ३५ अंशात तिरका पाहिजे. आणि जोडाच्या ठिकाणी रबराच्या आत दोन्ही नळ्यांची तोंडं एकमेकाला टेकली पाहिजेत. मधी फट राहिली की हवा तिथं साठती आणि मधनंच एकदम पुढं जाती.

अजून एक, टाकीच्या झाकणाचं भोक. ते बुजलं असंल तर डिझेल जाईल तसा टाकीत व्हॅक्युम होतो, अर्ध्या तासानं पंपाला ओढवत नाय. हीटर बंद पडला की लगेच झाकण उघडायचं. फुस्स आवाज आला तर दोष तिथंच.

कोलोरॅडोकर

मूळचा विट्याचा, सध्या डेन्व्हरजवळ राहतो. आमच्या आरव्हीत, म्हणजे राहायच्या गाडीत, डिझेल नाही, प्रोपेनवर चालणारी फर्नेस आहे. पण लक्षणं अगदी हीच होती म्हणून लिहितो.

प्रोपेन फर्नेसचा क्रम असा. थर्मोस्टॅटनं सांगितलं की पंखा सुरू होतो. पंख्याच्या वाऱ्यासमोर एक छोटं पातं असलेला स्विच असतो, त्याला सेल स्विच म्हणतात. वारा पुरेसा असला तरच ते पातं सरकतं आणि बोर्डाला कळतं की हवा वाहते आहे. मग बोर्ड चेंबरमध्ये उरलेला गॅस बाहेर जाईपर्यंत थोडा वेळ थांबतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, ठिणगी पाडतो. काही सेकंदांत ज्योत जाणवली नाही तर व्हॉल्व्ह बंद. पुन्हा प्रयत्न, आणि तरी नाही पेटलं तर लॉक.

बॅटरी उतरली की पंखा फिरताना दिसतो, आवाज येतो, पण वेग कमी असतो आणि सेल स्विच लागत नाही. माणसाला वाटतं गॅसचा दोष आहे. इथले बहुतेक लोक आधी बोर्ड बदलतात, पैसे घालवतात, आणि शेवटी निघतं काय, तर कमी व्होल्टेज, सेल स्विचला अडकलेला केसांचा गुंता, किंवा हवेच्या वाटेत ठेवलेली चादर. चादरीमुळे आतलं तापमान वाढतं आणि लिमिट स्विच ज्योत तोडतो. थंड झालं की पुन्हा पेटते, पुन्हा तुटते.

गॅसचा दाब ११ इंच पाण्याच्या स्तंभाएवढा हवा, तो मात्र मॅनोमीटरनंच कळतो. तोही शेगडी पेटवून, म्हणजे गॅस वाहत असताना मोजायचा. मिरजकर बॅटरीबद्दल जे म्हणाले तेच गॅसलाही लागू.

वाईची_लेक

तिकडची गॅस फर्नेस आपल्याकडे आणून बसवली तर चालेल का? भाऊ विचारत होता.

कोलोरॅडोकर

ताई, थंडीच्या जागेसाठी मी सुचवणार नाही. भारतातल्या सिलिंडरमधला एलपीजी हा प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो, पण ब्युटेन शून्याच्या जरा खाली आलं की द्रवच राहतो. गारठ्यात सिलिंडरमध्ये गॅस असूनही दाब पडतो. महाबळेश्वरला एक वेळ चालेल, हिमाचलातल्या स्पितीत नाही. शिवाय गाडीत सिलिंडरसाठी बाहेर उघडणारा, आतून पूर्ण बंद असा वेगळा कप्पा लागतो. भावाला डिझेलच बरा म्हणून सांगा.

चाकावरचं_घर (सातारा)

आज सकाळी गारठ्यातच मोजलं. गाडी बंद, चार्जर काढलेला.

बॅटरीवर, काही चालू नसताना: १२.५
बॅटरीवर, ग्लो प्लग चालू असताना: १२.१
हीटरच्या प्लगपाशी, त्याच वेळी: १०.५, मध्ये एकदा १०.३

वायर दीड स्क्वेअर एमएमची आहे, घरात लाइट फिटिंगला वापरतात तीच. वळसे घालत गेली आहे, एका बाजूनं सहा-सात मीटर सहज भरेल. अर्थ सीटच्या नटाखाली घेतलाय.

काका, झाकण उघडून पाहिलं, फुस्स वगैरे काही नाही. पंप आडवाच आहे. बुडबुडे साताऱ्यात तरी दिसले नाहीत.

मिरज_जंक्शन

सापडला पहिला चोर. बॅटरी ठणठणीत आहे, वायर सगळं खातेय. गणित बघा. तांब्याच्या दीड एमएम वायरीचा सहा-सात मीटरला रेझिस्टन्स येतो सुमारे ०.०८ ओहम. १० अँपिअर गेले की ०.८ व्होल्ट वाटेतच संपले. उरलेला घास तुमच्या त्या सीटच्या नटानं घेतला. हे हीटर साधारण १०.५ च्या खाली गेले की व्होल्टेज कमी म्हणून माघार घेतात, तुम्ही अगदी काठावर आहात. ५ एचपीची मोटर बसवून अर्ध्या इंची पाइपनं पाणी काढायला बघताय.

घरी चार्जर बॅटरीला १३.५ च्या पुढे ठेवतो, म्हणून तिकडे निभावतं. पहाटे बॅटरी रात्रभर फ्रिज-दिवे चालवून खाली आलेली, वर थंडी. लेड बॅटरी गारठ्यात आणखी मरगळते. म्हणून पहाटेच ई-१०.

१० स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड वायर टाका, प्लस आणि मायनस दोन्ही, सरळ बॅटरीपासून. मग जाऊन-येऊन मिळून ०.२ व्होल्टच पडेल. ६ ची पण चालली असती, पण हिमाचलला आई-वडिलांना नेताय, तिथे काटकसर नको. वायरीच्या टोकाचे लग क्रिंपिंगच्या टूलनं दाबून घ्या, पक्कडीनं चेपलेला लग वर्षभरात सैल होतो. इन्व्हर्टरच्या किंवा लाइटच्या वायरीत जोड देऊ नका.

कृष्णामाई

हे वाचून आत्ताच आमच्या गाडीची वायर पाहिली, अडीचची आहे. बदलणार. धन्यवाद मिरजकर.

माहुलीचा_डॉक्टर

हीटरच्या दुरुस्तीतलं मला कळत नाही, पण दम्याचा उल्लेख वाचला म्हणून लिहितोय. हे वाचायचं सोडू नका.

डिझेल अपुऱ्या हवेत जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, एवढीच लक्षणं असतात आणि झोपलेल्या माणसाला तीही कळत नाहीत. दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, त्याचं कारण हेच. दम्याच्या रुग्णाकडे राखीव ताकद आधीच कमी असते.

हीटर नीट बसवलेला असेल तर जळालेला धूर बाहेर जातो आणि आत फक्त तापलेली हवा येते. पण तुमचा हीटर विझतोय, पुन्हा पेटतोय, म्हणजे अर्धवट जळण होतंय. म्हणून दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत हीटर लावून कुणी झोपू नका. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या आणि झोपल्यावर डोकं जिथं येतं त्या उंचीच्या जवळपास लावा. अलार्म वाजला किंवा दोघांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर आधी बाहेर पडा, मग कारण शोधा. हीटर चालला नाही म्हणून गाडीत कोळशाची शेगडी कधीही नको.

वडिलांचा इनहेलर रात्री अंगाजवळ ठेवायला सांगा. आणि कोरडी गरम हवा सरळ तोंडावर येऊ देऊ नका, तिचाही त्रास होतो.

चाकावरचं_घर (सातारा)

डॉक्टर, मनापासून आभार. अलार्म आजच मागवला. तोवर गाडीत मुक्काम नाही.

औंधकर

धुराच्या नळीबद्दल मीही सांगतो. ती गाडीच्या पोटाखाली मध्येच संपवलेली असते बऱ्याचदा. ती बाजूच्या कडेपर्यंत आणा, खिडकीखाली नको, आणि हवा ओढणारी नळी तिच्यापासून लांब, दुसऱ्या दिशेला तोंड करून. नाहीतर हीटर स्वतःचाच धूर ओढतो, ज्योत काळी पडते, चेंबरमध्ये काजळी धरते.

डिसेंबरनंतर आपल्या डोंगरावर गवत वाळून कोळ झालेलं असतं. धुराची नळी हात भाजेल इतकी तापते. कास-बामणोलीच्या बाजूला, मेढ्याच्या वर, कुठेही वाळल्या गवतात गाडी घालून हीटर लावू नका. एका ठिणगीनं डोंगर जळतो. मोकळी मुरमाड जागा बघा.

चाकावरचं_घर (सातारा)

वायर बदलली. प्लस-मायनस दोन्ही १० ची, बॅटरीपासून सरळ. ग्लो प्लग चालू असताना हीटरपाशी आता ११.८ मिळतात. पंपही तिरका करून घेतला. पुन्हा भिलारला गेलो, यावेळी हीटर लावून झोपलो नाही, अलार्म लावून जागाच राहिलो.

सुरू व्हायचा त्रास गेला. पहाटे बॅटरी उतरलेली असतानाही पहिल्या झटक्यात पेटला. मिरजकर, तुमचे उपकार.

पण ई-०८ आहेच. पाऊण तास छान, मग विझला. पुन्हा पेटवला तेव्हा बाहेर पांढऱ्या धुराचा लोट. आणि यावेळी टॉर्च लावून नळीजवळच बसलो होतो, विझायच्या आधी नळीत लांब बुडबुडे सरकत गेले. साताऱ्यात परत आल्यावर तीच नळी, तोच पंप, तेच डिझेल, एकही बुडबुडा नाही.

डिझेलकाका (सांगली)

पांढरा धूर म्हंजे न जळलेलं डिझेल, आधीच्या वेळचं चेंबरमधी साठलेलं. त्यात नवल नाय.

आता मला सांग, भिलारात गाडी कुठं उभी करतोस? सपाटीला का उताराला? आणि टाकीतनं डिझेल वढायचं तोंड कुठल्या कोपऱ्यात हाय?

चाकावरचं_घर (सातारा)

काका!! शेताच्या वाटेवर उभी असते, रस्त्याकडे तोंड करून. रस्ता खालच्या अंगाला आहे, म्हणजे गाडीचं नाक खाली. आणि टाकीचं तोंड तळाला, मागच्या कोपऱ्यात आहे.

डिझेलकाका (सांगली)

मग झालं की. नाक खाली म्हंजे डिझेल सगळं म्होरं. मागचं तोंड उघडं पडतंय. टाकी भरलेली असंल त्या राती चालतोय, निम्म्याच्या खाली गेली की हवा वढतोय. तुझं "एखाद्या रात्री नीट चालतो" ते कोडं पण यातच सुटतंय. तुझ्या दारात रस्ता सपाट असणार.

गणिताच्या_बाई (कराड)

मी आकडे मांडून पाहिले. टाकी साधारण ४० सेंटिमीटर लांब आणि २५ रुंद धरली तर १० लिटरला उंची १० सेंटिमीटर येते. गाडी ८ अंश कललेली असेल तर टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डिझेलच्या पातळीत जवळपास साडेपाच सेंटिमीटरचा फरक पडतो. पाव टाकीला सपाटीवर खोली अडीच सेंटिमीटर. म्हणजे कललेल्या टाकीत वरच्या टोकाला डिझेल उरतच नाही, तोंड पूर्ण उघडं. एक तृतीयांश टाकी असेल तर जेमतेम अर्धा सेंटिमीटर राहतं, आणि गाडीत कुणी कूस बदलली तरी तेवढं हिंदकळतं. ५ अंशांच्या उतारावर मात्र पाव टाकीलाही पाऊण सेंटिमीटर उरतं. म्हणून तुम्हाला हा दोष कधी दिसायचा आणि कधी नाही.

मोबाइलमध्ये उतार मोजायची सोय असते. ओट्यावर मोबाइल ठेवून अंश बघा आणि इथे लिहा, मला खरंच उत्सुकता आहे.

चाकावरचं_घर (सातारा)

बाई, मित्राला त्या जागेवर त्याची गाडी लावून मोजायला सांगितलं. ७ ते ८ अंशांच्या मध्ये दाखवतंय. टाकी ४२ लांब, २४ रुंद. तुमचं गणित अगदी जुळलं.

आता उपाय? टाकी फिरवून बसवली तर चढावर नाक वर केलं की तेच होणार.

मिरज_जंक्शन

खालचं तोंड बंद करून टाका. टाकीच्या वरून, बरोबर मध्यातून पिकअप नळी आत सोडा, तळापासून बोटभर वर ठेवून. मध्यात असली की कुठल्याही बाजूला कललं तरी तिथली पातळी जवळपास तीच राहते. तळाला टेकवू नका, गाळ आणि पाणी तिथंच असतं. वाटेत छोटा फिल्टर घाला. नळी सोबत आलेली कडक नायलॉनची, आतून २ मिलिमीटरचीच ठेवा. जाड रबरी नळी टाकली की थेंबांचं गणित बिघडतं आणि हवा साठायला जागा होते.

मुक्कामाला पोहोचलात की टाकी निम्म्याच्या वर करून ठेवायची सवय लावा. हा हीटर मंद चालला तर तासाला शे-दीडशे मिली डिझेल पितो आणि पूर्ण वेगाला अर्ध्या लिटरपर्यंत. रात्रभर पूर्ण वेगानं चालवलात तर ४-५ लिटर जातात.

डिझेलकाका (सांगली)

एवढ्या वेळा विझलाय म्हंजे चेंबर ओला झालाय, काजळी धरली असणार. ग्लो प्लग काढ, त्याच्या खोबणीत बारीक जाळी असती, ती काळी कुळकुळीत झाली असंल. जाळी नवीन टाक, स्वस्त असती. गॅस्केट पण नवीनच घाल. मग भर उघड्यावर पूर्ण वेगात तासभर चालव, राहिलेली काजळी जळून जाईल. पुढं पण रोज रातभर मंद चालवलास तर सकाळी बंद करायच्या आधी थोडा वेळ पूर्ण वेगात चालवत जा. आणि बंद करताना बटणानंच करायचा, बॅटरीचा मेन स्विच कधी पाडायचा नाय. आतला पंखा काही मिनिटं चालून मशीन गार करतो. मधीच लाइन तोडली की आतलं प्लास्टिक वितळतं.

कोलोरॅडोकर

हिमाचलबद्दल दोन गोष्टी. पहिली उंची. भिलार-पाचगणी १३०० मीटरच्या आसपास, तिथे फारसा फरक पडत नाही. पण स्पितीतलं काझा ३७०० मीटरच्या आसपास आहे, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशांहून कमी. डिझेल तेवढंच आणि हवा कमी, म्हणजे काजळी. काही मॉडेल उंची ओळखून डिझेल आपोआप कमी करतात. तुमचं करतं का बघा, नसेल तर पंपाचा वेग सेटिंगमधून कमी करावा लागतो.

औंधकर

दुसरी गोष्ट तुम्ही डिझेल म्हणणार होतात ना? आपल्याकडचं साधं डिझेल मानकाप्रमाणे हिवाळ्यात ३ अंशांपर्यंत वाहतं राहिलं तरी पास असतं. साताऱ्यातून भरून नेलेलं डिझेल तिकडे टाकीत मेणासारखं घट्ट होऊ शकतं. गाडीचं इंजिन तरी चालून तापतं, पण हीटरची छोटी टाकी बाहेर उघड्यावर आणि नळी फक्त २ मिलिमीटरची. तिकडे पोहोचलात की हीटरची टाकी रिकामी करून तिकडचं हिवाळी डिझेल भरा. इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं डिझेल आणलं होतं. मनालीत विचारा, नेमकं कुठलं मिळतंय ते पंपावरच कळेल.

कोलोरॅडोकर

हो, तेच म्हणणार होतो.

माहुलीचा_डॉक्टर

फेब्रुवारीत काझाला दमेकरी वडिलांना नेऊ नका अशी माझी स्पष्ट विनंती आहे. उंची आणि थंडी एकदम. मनालीपर्यंत, तेही सावकाश चढत, आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच.

चाकावरचं_घर (सातारा)

डॉक्टर, काझा नाहीच, कुलू-मनालीपर्यंतच जायचंय. तरी त्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

सगळं काम झालं. पिकअप मध्यातून, नवीन जाळी, नवीन गॅस्केट. जाळी काका म्हणाले तशी काळीच निघाली, छिद्रं दिसतच नव्हती. धुराची नळी कडेपर्यंत आणली. मग भिलारला त्याच वाटेवर, त्याच उतारावर, मुद्दाम टाकी निम्म्याच्या खाली ठेवून संध्याकाळपासून सकाळपर्यंत चालवला. मित्र आणि मी आळीपाळीनं जागे होतो. नळीत बुडबुडा नाही, कोड नाही, अलार्मवर शून्य. वेण्णा तलावाकडे त्या पहाटे दवाचं हिमकण झालं होतं, एवढी थंडी होती. गाडीत आत २२ अंश.

डिझेलकाका (सांगली)

लई भारी. आईबाबांस्नी माझा नमस्कार सांग.

कृष्णामाई

एकच प्रश्न राहिला. नवीन जाड वायर टाकली तर फ्यूज कितीचा आणि कुठे? हार्नेसमध्ये, म्हणजे मशीनसोबतच्या वायरींच्या जुडीत, एक आहेच ना?

मिरज_जंक्शन

ताई, हार्नेसमधला फ्यूज मशीनला वाचवतो. तुमची नवीन वायर बॅटरीपासून येतेय, तिला वेगळा हवा. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात, २० अँपिअरचा, पाणी न लागणाऱ्या होल्डरमध्ये. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला, नाहीतर घासून शॉर्ट होईल.